देवमाशाचे बिऱ्हाडकरू

मुलाच्या डोक्यात उवा झाल्या म्हणजे आई त्याला उन्हात बसवून फणीने त्या विंचरून काढते. देवमाशापाशी फणी नाही, आणि ती धरावयास हातही नाहीत. त्यामुळे ह्या प्रचंड प्राण्याच्या अंगावर आणि अंगात किती परोपजीवी खुशाल बिऱ्हाड करून राहतात, हे ऐकून वाचकांस नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

प्रथम आतले बिऱ्हाडकरू पाहू. स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या मादीच्या वारेत राहणाऱ्या एका जंताचे वर्णन गुबानोव ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केले. त्याची लांबी ८ मीटरांहून अधिक भरली! फिन व्हेलच्या मूत्रपिंडात दुसरा एक लांबलचक जंत ठाण मांडतो. तेथील रक्तवाहिन्यांस त्यामुळे सूज येते व प्रसंगी देवमाशाच्या प्राणावरही बेतते.

आता बाहेरचे. ज्यांना आपण देवमाशाच्या उवा म्हणतो, ते वास्तविक कीटक नव्हेत. कोळंबी व खेकडे ज्या कवचधारी वर्गात मोडतात, त्याच वर्गातले ते जीव आहेत. नखाएवढे शरीर आणि आकड्यांसारखे वाकडे पाय, त्या पायांनी ते कातडीस घट्ट धरून राहतात आणि तीच कातडी कुरतडून खातात. त्यांना पोहता येत नाही. पिले आईच्या पोटाखालील पिशवीत वाढतात आणि बाहेर पडताच त्याच देवमाशास बिलगतात. एका देवमाशाला दुसऱ्याचे अंग लागले, अथवा आई पिलास पाजू लागली, तरच उवांना नवे घर मिळते.

राइट व्हेल ह्या जातीच्या डोक्यावर खरखरीत घट्टे असतात. त्यांवर हजारो पांढरट उवा दाटीने बसल्यामुळे ते काळ्या अंगावर दुरूनही उठून दिसतात. प्रत्येक देवमाशाच्या घट्ट्यांची ठेवण निराळी असल्याने छायाचित्रावरून शास्त्रज्ञ एकेकास ओळखू शकतात. आपण अंगठ्याच्या ठशाने माणूस ओळखतो, तसाच हा प्रकार होय.

जो प्राणी यजमानास सोडून कोठेही जात नाही, त्याच्या वंशावळीत यजमानाचाही इतिहास आपोआप नोंदला जातो. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली ह्या उवांचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसून आले की, उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिक आणि दक्षिणेकडील समुद्र ह्यांतील राइट व्हेल सुमारे ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून दुरावले. चरबीचे जाड आवरण असलेल्या ह्या प्राण्यांना विषुववृत्ताचे उबदार पाणी ओलांडणे अवघड जाते. तरीही गेल्या १० ते २० लाख वर्षांत दक्षिणेकडील निदान एका देवमाशाने तो उंबरठा ओलांडला असावा, ही साक्षही उवांनीच दिली!

राइट व्हेल पोहण्यात मंद, आणि मेल्यावर पाण्यावर तरंगतो. म्हणूनच शिकाऱ्यांनी शतकानुशतके त्याचा संहार केला. १९३५ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्यास संरक्षण मिळाले. परंतु उत्तर अटलांटिकमध्ये आज चारशेहूनही कमी राइट व्हेल उरले आहेत. मासेमारीचे दोर अंगाभोवती आवळले जाऊन आणि जहाजांच्या धडकेने ते मरतात. येथेही उवा उपयोगी पडतात. देवमासा जखमी वा अशक्त झाला, पोहण्याचा वेग मंदावला, की नारिंगी रंगाच्या एका जातीच्या उवा एरवीच्या आडोशाच्या जागा सोडून त्याच्या अंगावर पसरतात. नाकपुड्यांभोवती त्या दिसू लागल्या की निरीक्षक समजतात, ह्याची प्रकृती बरी नाही.

उवांसाठी कोणी अश्रू ढाळील, असे नाही. परंतु उत्तर अटलांटिकच्या ह्या उवांना दुसरे घर नाही. शेवटचा राइट व्हेल त्या समुद्रातून नाहीसा झाला, तर त्याच दिवशी त्याही संपतील, आणि लाखो वर्षांची ती वंशावळही त्यांच्यासह बुडेल. घर वाचले तरच बिऱ्हाडकरू वाचणार. एवढ्यासाठी देवमाशाच्या वाटेतील जहाजांनी वेग थोडा कमी करणे आणि पाण्यातील दोर आवरते घेणे, हे काही मोठे मोल नव्हे.