एका डिस्कवर दोघांचा संसार

बारामती-इंदापूर पट्ट्यात मुलांच्या शिक्षणासाठी कुणाचा तरी वापरलेला जुना संगणक विकत घेणारी आपली घरे पुष्कळ आहेत. विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात ते बहुधा नसतात. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. रोजावर घर चालवणाऱ्याने पैसे आणायचे कोठून?

आमचे म्हणणे, घाई करू नका. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते. मात्र टायपिंगच्या क्लासचा सराव बहुधा विंडोजवर असतो, म्हणून तीही राहू द्या. सराव विंडोजवर, इंटरनेट आणि अर्ज लिनक्सवर.

त्यासाठी डिस्कची वाटणी करावी लागते. बांध हलवताना माती ढासळतेच, म्हणून आधी जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, गुणपत्रिका, लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी ज्यांनी तालुक्याला खेटे घातले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ दिसते. कुणी चोरलेली नसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यातले १५० विंडोजला, ६० लिनक्सला, उरलेले दोघांच्या सामाईक माहितीला. सामाईक भाग एनटीएफएस पद्धतीचा ठेवावा, म्हणजे दोघांनाही वाचता येतो.

विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन सी ड्राइव्ह 'श्रिंक' करा आणि सुटलेली जागा मोकळीच ठेवा. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य भाग बसतात, आणि विंडोज त्यातले दोन-तीन आधीच अडवून बसलेली असते. तेव्हा उरलेला एक 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात लिनक्स व माहिती दोन्ही घालायचे. नव्या जीपीटी पद्धतीत ही अडचण नाही. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपते आणि लिनक्सला सामाईक भागात लिहिता येत नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

लिनक्स टाकताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय येतो. घाईत नेमके तेच बटण दाबले जाते. मुलांना एकटे बसवू नका. शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावा.

काम झाल्यावर यंत्र सुरू करताना ग्रबची यादी येते, त्यातून हवी ती निवडायची. पेनड्राइव्ह मात्र रिकामा करू नका. डिस्क बिघडली तर तिन्ही वाटण्या एकदमच जातात.