जुनी गिरणी, नवी घरे आणि कराचा हिशेब

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल हे गाव मुंबईच्या गिरणीधंद्याच्या इतिहासात एकदा अप्रत्यक्षपणे डोकावून गेले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचा कापूस उत्तरेला मिळेनासा झाला आणि लोवेलच्या कित्येक गिरण्यांनी शिलकी कापूस विकून चात्या थांबविल्या. त्याच काळात लँकेशायरला कापूस पुरवून मुंबईच्या पेठेत पैशाचा पूर आला. दोन्ही गावांचा कापडधंदा यथाकाल बसला. लोवेलचा १९२० नंतर, मुंबईचा १९८२ च्या संपानंतर. पण बंद गिरण्यांच्या इमारतींचे पुढे जे झाले ते सर्वस्वी भिन्न आहे. लोवेलच्या बूट आणि मॅसॅच्युसेट्स या गिरण्यांच्या विटांच्या इमारतींत आज कुटुंबे राहतात. गिरणगावात बहुतेक ठिकाणी गिरणी जमीनदोस्त होऊन मनोरे उभे राहिले; कोठे चिमणी तेवढी राखली, शोभेपुरती.

या फरकाचे श्रेय अमेरिकनांच्या इतिहासप्रेमाला देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. लोवेलमधील सर्वांत जुन्या मेरिमॅक कंपनीच्या गिरण्या १९६० च्या सुमारास नगरसुधारणेच्या नावाखाली पाडल्या गेल्याच होत्या. इतिहास तेव्हाही तोच होता. बदलला तो हिशेब.

हा हिशेब कळण्यासाठी गिरणीत घर करणे म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. विजेचे दिवे नसलेल्या काळातील या इमारती लांबट व अरुंद, उंच खिडक्यांच्या. मधल्या मागापर्यंत उजेड पोहोचावा एवढीच त्यांची रुंदी. घरांसाठी हे वरदानच. जाड लाकडी तुळयांवर जाड फळ्यांची जमीन अशी रचनाही आगीत सावकाश जळावी या हेतूने केलेली. अडचण निराळी आहे. जेथे शेकडो माणसे एका दालनात राबत होती, तेथे प्रत्येक घराला स्वयंपाकघर, न्हाणीघर, मलनिःसारणाचे नळ, ऊब आणि गारवा देणारी यंत्रणा, उद्वाहक आणि आगीवर पाणी फवारणारी नळयोजना द्यावी लागते. हवेचे झोत नेणारे पत्र्याचे बोगदे छताआड दडवावेत, तर उघड्या तुळया झाकल्या जातात आणि इमारतीचे रूपच हरवते. भिंतींना आतून उष्णतारोधक अस्तर लावावे, तर वीट थंड राहते, तिच्यातील ओल हिवाळ्यात गोठते आणि वीट फुटू लागते. शेकडो खिडक्या जुन्या घडणीच्याच, पण वारा अडविणाऱ्या हव्यात. हे सारे केल्यावर पाडून नवे बांधणे स्वस्त पडले असते असे मालकाला वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही.

अमेरिकेच्या १९८६ च्या करसुधारणा कायद्याने नेमके येथे बोट ठेवले. ऐतिहासिक म्हणून मान्य झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या पुनर्वसनावर होणाऱ्या खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाच्या करातून वजा होते. ही उत्पन्नातून मिळणारी सूट नव्हे. देय करातूनच थेट वजावट आहे. एक कोटी डॉलर पात्र खर्च झाला, तर वीस लाख डॉलर कर कमी. जागेची खरेदी किंमत यात धरत नाहीत. वाढीव बांधकामही नाही. नळ, वीज, उष्णता-यंत्रणा आणि उद्वाहक मात्र धरतात. म्हणजे ज्या खर्चापायी जुनी इमारत परवडेनाशी होते, त्यातच सरकार भागीदार होते. मोबदल्यात राष्ट्रीय उद्यान सेवेची मंजुरी घ्यावी लागते आणि पाच वर्षांच्या आत इमारत विकली, तर सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. मालकाला स्वतःच्या निवासासाठी ही सवलत नाही; त्यामुळे अशा गिरण्यांत मुख्यतः भाड्याची घरेच झाली.

मुंबईत नियमाचा ओघ उलट्या दिशेने गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पाडलेल्या गिरणीच्या जमिनीची वाटणी ठरविली: स्थूलमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी पाडून मोकळी होणारी जागा मालकाचीच. पाडण्याला असे जणू बक्षीसच लागले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीला अटकाव केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती ग्राह्य ठरविली. गिरणगावातील करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या एकमजली शेडमध्ये घरे करणे अवघड होते हे खरे, पण सूतखात्यांच्या मजली इमारती होत्याच. त्यांचे काय करता येईल, हे कोणी गांभीर्याने मांडून पाहण्याची गरजच नियमाने ठेवली नाही.

अर्थात, वाचलेल्या इमारतीत कोण राहणार, हा प्रश्न लोवेललाही चुकलेला नाही. विटांच्या उघड्या भिंती आणि उंच छते यांना चांगले भाडे येते आणि जुन्या कामगारांच्या नातवंडांना ते परवडेलच असे नाही. १९८६ च्या त्याच कायद्यात अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी घरे बांधणाऱ्यांना वेगळी करसवलत ठेवली आहे आणि दोन्ही सवलती एकाच इमारतीला घेता येतात. जेथे त्या एकत्र घेतल्या जातात, तेथे गिरणीही राहते आणि भाडेही आवाक्यात येते. मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, संपाला तीस वर्षे उलटल्यावर. घरे सुमारे सात हजार, अर्जदार लाखाहून अधिक. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार तेव्हा साठीला आला होता.