पाटाच्या पाण्यामागे चालत आलेली घराणी : राहात्याची वंशावळ कशी वाचावी

१.
इतिहासाची गोडी लागलेल्या तरुणांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : आमचे घराणे मूळचे कोठले? प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर मात्र बहुधा ठरलेले असते. एखादा किल्ला, एखादी लढाई, एखादा राजवंश, आणि तेथून थेट पणजोबांपर्यंत उडी. मधल्या काळात कोणी काय पेरले, कोणत्या वर्षी गाव सोडले, का सोडले, हे कोणी सांगत नाही. आजचा धागा त्या मधल्या काळाविषयी आहे.

२.
उदाहरण राहात्याचे घेऊ. शिर्डी, लोणी, पुणतांबा, साकुरी ही गावे ज्यात येतात तो हा अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुका. पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध. या पट्ट्यातील अनेक माळी घरांत विचारले, तर उत्तर येते : ‘आम्ही मूळचे सासवडचे.’ सासवड पुण्याच्या पलीकडे, पुरंदरच्या पायथ्याच्या मुलखात, कऱ्हेच्या काठी आहे. म्हणजे येथून सुमारे दोनशे किलोमीटर. ही माणसे इतक्या दूर कशासाठी आली?

३.
उत्तराची सुरुवात दुष्काळापासून होते. १८७६ ते १८७८ या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर इंग्रज सरकारने अवर्षणप्रवण भागात कालवे काढण्याचा वेग वाढवला. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा बारामतीकडे वाहू लागला. हेतू असा, की पाऊस चुकला तरी ज्वारी-बाजरीचे पीक हाती लागावे.

४.
पण अडचण निराळीच निघाली. पाऊस बरा झाला की जिरायत शेतकरी पाटाचे पाणी घेईना. बाजरीला पाणी देऊन पाणीपट्टी भरणे त्याला परवडत नव्हते, आणि हिशेब त्याचाच बरोबर होता. कालव्याचा खर्च निघायचा तर वर्षभर पाणी घेणारे पीक हवे, आणि ते करू जाणणारे शेतकरी हवेत. ते पीक म्हणजे ऊस, आणि ते शेतकरी म्हणजे सासवडचे माळी.

५.
विहिरीच्या पाण्यावर बागाईत करणे, उसाची जोपासना, खताचा हिशेब, गुळाचे गुऱ्हाळ, बाजारपेठेची ओळख हे सारे त्यांच्या हाती पूर्वीपासून होते. कालव्याकाठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. राजाने बोलावले म्हणून ही घराणी हलली नव्हती. कसब अंगी होते आणि पाणी दुसरीकडे होते, म्हणून ती पाण्याकडे गेली.

६.
पुढचे स्थलांतर समजण्यासाठी मातीकडे पाहावे लागते. काळ्या जमिनीत पाणी भरपूर आणि निचरा अपुरा, तर काही वर्षांत जमीन पाणथळ होते आणि क्षार वर येतात. नीरेच्या डाव्या कालव्यावर हे मोठ्या प्रमाणात घडले. त्यात खंडही वाढत गेले. पुढच्या पिढीने नवा कालवा शोधला.

७.
तो त्यांना उत्तरेत सापडला. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे निघाले, आणि १९१६ साली पूर्ण झालेल्या दारणा धरणाने त्यांना हक्काचे पाणी दिले. उजवा कालवा राहात्याच्या परिसरातून जातो. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवेही बळकट झाले. तिकडे नीरेच्या उजव्या कालव्यावर याच समाजाने १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली. त्या वसाहतीचे नावच माळीनगर पडले.

८.
आता वंशवृक्षाकडे पुन्हा पाहा. एक भाऊ नीरेवर राहिला, दुसरा गोदावरीवर आला, त्याचा मुलगा प्रवरेवर गेला. झाडाची प्रत्येक फांदी एकेका कालव्याला जाऊन मिळते. श्रीरामपुरात रावबहादूर नारायणराव बोरावके यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या आडनावाचा सासवडपर्यंतचा माग काढला असेल?

९.
अशा वाटचाली जगात इतरत्रही घडल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत व्हर्जिनियात वसलेल्या घराण्यांच्या शाखा कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा अशा सरकत गेल्या. तंबाखूने आणि पुढे कापसाने जमिनीचा कस गेला की मुलगा पश्चिमेकडची नवी जमीन घेई. तेथील वंशावळकार आडनावावर विसंबत नाहीत. खरेदीखते, मृत्युपत्रे, कर नोंदी आणि १७९० पासूनची जनगणना यांवरून ते शाखा जुळवतात. पद्धत शिकण्यासारखी आहे. त्या पद्धतीला जे दिसत नाही, तेही शिकण्यासारखे आहे. त्याकडे पुढे येऊ.

१०.
आपल्याकडे अशी साधने नाहीत, ही समजूत चुकीची आहे. पहिले साधन फेरफार. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पाया घातला. पुढे खरेदी, गहाण, वाटणी, वारस अशा प्रत्येक बदलाची नोंद तलाठ्याच्या दप्तरी होऊ लागली. सातबारा आजचे चित्र दाखवतो. फेरफारांची साखळी कुटुंबाच्या पिढ्या दाखवते. मात्र खंडाने कसणारा प्रत्येक वेळी तेथे सापडेलच असे नाही. घराणे गावात पन्नास वर्षे राहूनही पहिली नोंद खरेदीच्या दिवसाची असू शकते.

११.
दुसरे साधन कुलदैवत. माणूस गाव सोडतो, देव सहसा सोडत नाही. गोदावरीच्या काठी राहणारे घर नव्या जोडप्याला जेजुरीला नेत असेल, तर तो धागा धरून ठेवा. पण खंडोबा महाराष्ट्रभर पूजला जातो, शिर्डीतही त्याचे जुने देऊळ आहे. म्हणून देव हा दुवा समजावा, पुरावा समजू नये.

१२.
तिसरे साधन त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला आलेल्या यजमानाचे गाव, आडनाव, वडील, भाऊ, मुले यांची नावे त्यांत उतरवलेली असतात. जुनी पाने मोडीत आहेत. एकाच आडनावाखाली आधी एक गाव आणि काही वर्षांनी दुसरे गाव दिसले, तर स्थलांतर कोणत्या काळात झाले याचा अंदाज बांधता येतो.

१३.
चौथे साधन बहुतेक जण विसरतात : सुनांची माहेरे. प्रत्येक पिढीत घरात आलेल्या स्त्रियांची गावे एका कागदावर लिहून पाहा. सोयरीक जुन्या मुलखाशी किती काळ टिकली, नव्या मुलखात केव्हा जुळू लागली, हे त्या यादीतून आपोआप उलगडते. घराने मन कधी हलवले याची तारीख खरेदीखतात नसते, ती लग्नांत असते.

१४.
आणि येथे आपल्या वंशावळींचा मोठा दोष समोर येतो. त्यांत स्त्रियाच नसतात. बाप, मुलगा, नातू अशी सरळ रेघ, आणि ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे ‘निर्वंश’. त्याच्या तीन मुली पंचक्रोशीत नांदत असल्या, तरी कागदावर तो निर्वंश.

१५.
लेकीचे नाव सरकारी दप्तरात मग कोठे सापडते? वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत, आणि पुष्कळदा त्यालाच लागून येणाऱ्या हक्कसोडपत्रात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही ‘भावाशी माहेर राहावे’ म्हणून सह्या होत राहिल्या. ज्या कागदावर तिने हक्क सोडला, त्याच कागदावर इतिहासाने तिचे नाव लिहून घेतले.

१६.
अमेरिकेतील वंशावळींची न दिसणारी बाजू आठवा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रके होती. त्यांत मालकाचे नाव आहे. गुलामांचे वय आहे, लिंग आहे, रंग आहे, पण नाव बहुधा नाही. मुक्त झालेल्या बहुतेकांची नावे जनगणनेत प्रथम १८७० साली आली. त्याआधीचा पूर्वज शोधणाऱ्याला त्याचे नाव अनेकदा मालकाच्या मृत्युपत्रात, जनावरे आणि अवजारे यांच्या शेजारी सापडते. दोन्हीकडची दुःखे सारखी नाहीत आणि ती एका मापाने मोजूही नयेत. नोंदवहीचा स्वभाव मात्र सारखा आहे : ती मालमत्तेसाठी लिहिलेली असते, माणूस तिच्यात अपघाताने येतो.

१७.
राहात्याच्या पाटावर आणखी कोणाची नावे गळाली? ज्यांच्या जमिनी खंडाने गेल्या त्यांची. माळी बागाईतदारांपाठोपाठ खासगी साखर कारखाने आले आणि त्यांनीही शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक ‘खंडकरी’ या नावाने दशकानुदशके लढत राहिले.

१८.
२०१२ च्या सुमारास जमिनी परत देण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा करार करणारे आजोबा अनेक घरांत हयात नव्हते. नातवंडांना वारस म्हणून उभे राहावे लागले. तेथे वंशावळ हा छंद नव्हता. एकेक नाव जमिनीच्या तुकड्याएवढे मोलाचे होते. ज्या घरांनी आत्या आणि बहिणी झाडावर लिहिल्याच नव्हत्या, त्यांना त्या आठवणे भाग पडले.

१९.
आणि त्या जमिनींवर राबलेले मजूर? महामंडळाच्या चाळींत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांची मागणी घराखालच्या जागेपुरती होती. दर हंगामात बीड, पाथर्डीकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांची गणना ‘कोयत्या’वर होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल एका नावावर आणि श्रम दोघांचे. त्या बाईची पणती उद्या वंशावळ काढू लागली, तर तिने कोणते दप्तर उघडावे?

२०.
काही वाचक म्हणतील, घराण्याचा इतिहास अभिमानासाठी असतो, त्यात खंड, क्षार आणि कोयता कशाला? माझे मत स्पष्ट आहे. परक्या मुलखात दुसऱ्याच्या जमिनीवर ऊस उभा करणे, पाटकऱ्याशी पाळीसाठी झगडणे, नासलेली जमीन मागे टाकून पुन्हा शून्यातून सुरुवात करणे, यात अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे. कागदाचा आधार नसलेला राजवंश चिकटवण्याची गरज त्यालाच भासते, ज्याला आपल्या पणजोबांचे कष्ट कमी वाटतात.

२१.
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे घरोघरी वंशावळी तयार होत आहेत, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे. मग आणखी काय हवे? ही जागृती स्वागतार्ह आहे. पण दाखल्यासाठी काढलेली वंशावळ पितृकुळाची एकच रेघ सिद्ध करून थांबते. कचेरीचे तेवढ्याने भागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे भागू नये. आजोबांच्या वडिलांचे नाव सापडले की फाइल बंद करू नका. त्यांच्या आईचे नाव काय होते, हे त्याच दिवशी विचारा.

२२.
म्हणून एक विनंती. या सुटीत घरातील सर्वांत वयस्क बाईंजवळ बसा. पुरुषांच्या नावांपासून सुरुवात करू नका. विचारा : आजी, तुझे माहेर कोणते? तुझ्या आईचे कोणते? तुझ्या सासूचे? तू आलीस तेव्हा शेताला पाणी कोठून येई? जमीन स्वतःची होती की खंडाची? तेव्हा आपल्या वस्तीवर कामाला कोण होते, आणि ती माणसे पुढे कोठे गेली? उत्तरे तिच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला, मग फेरफार काढून पडताळा.

२३.
कागद आणि आठवण जुळले नाहीत, तर दोन्ही लिहून ठेवा. एकाला खोटे ठरवण्याची घाई नको. फेरफारांच्या प्रती निदान अर्ज केल्यावर मिळतात. आजीच्या आठवणीची दुसरी प्रत कोणत्याही कचेरीत नाही.

२४.
तुमच्या घराण्याने कोणती नदी, कोणता कालवा, कोणता घाट ओलांडला? माहीत असेल तर या धाग्याखाली लिहा. गावांची नावे, वाट आणि साल लिहा. हयात माणसांची नावे नकोत. आणि झाड काढाल तेव्हा लेकी-सुनांसाठी जागा आधी सोडा, फांद्या मग काढा.