रांगेत उभे आहोत म्हणून आपण वाचणार नाही!

अमेरिकेतल्या मराठी नागरिकांना जाहीर आवाहन
जानेवारी २०२६



२० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल अमेरिकेचे नागरिक, हा दीडशे वर्षांहून जुना नियम त्या आदेशाने मोडायला काढला. तेव्हापासून वर्षभर आपल्या मंडळांत, व्हॉट्सॲप ग्रुपांवर, मराठी शाळा सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या पालकांत एकच बोलणे ऐकू येते : “ते बेकायदा घुसलेल्यांसाठी आहे. आपण कायद्याने आलोय, रांगेत उभे आहोत. आपल्याला काय त्याचं?”

हे पत्रक त्या बोलण्याविरुद्ध आहे. त्याला ना वस्तुस्थितीचा आधार आहे, ना इतिहासाचा, ना माणुसकीचा.

आधी आदेश वाचा

आदेशात दोन कलमे आहेत. पहिले कलम आई बेकायदा राहत असेल तेव्हाचे. दुसऱ्या कलमाबद्दल आपल्यात कोणी बोलत नाही. आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अशा मुलालाही नागरिकत्व नाही, असे ते कलम सांगते. तात्पुरता व्हिसा म्हणजे विद्यार्थ्यांचा एफ-१, नोकरदारांचा एच-१बी, त्यांच्या कुटुंबीयांचा एच-४. म्हणजे एडिसनमधली, डॅलसमधली, बे एरियातली आपली तरुण जोडपी. पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून रीतसर कागद घेऊन आलेली आपली भाची, आपला पुतण्या, शेजारच्या काकूंची सून.

आदेश ३० दिवसांनी लागू व्हायचा होता. त्या दिवसांत २० फेब्रुवारीच्या आत सिझेरियन करून घेता येईल का, अशी विचारणा भारतीय जोडपी डॉक्टरांकडे करत असल्याच्या बातम्या आल्या. पोटातल्या बाळाची वाढ पुरती झालेली नसताना आईने तारखेच्या धाकाने शस्त्रक्रियेचा विचार करावा, अशी वेळ सरकारी कागदाने आणली. या आया बेकायदा आलेल्या नव्हत्या. त्या रांगेतच उभ्या होत्या.

ही रांग कुठे जाते?

ही रांग ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि त्या आकड्यात बायको-मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. देश भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. म्हणून ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात भारतीयांची पाळी जानेवारी २०२६ मध्ये २०१३ च्या आसपासच्या अर्जांपाशी अडकली होती. बारा-तेरा वर्षे कर भरायचा, घराचे हप्ते फेडायचे, मुलांना शाळेत सोडायचे आणि कायद्याच्या लेखी मात्र तात्पुरते राहायचे. आदेशाने नेमका याचाच आधार घेतला. सरकारनेच तुम्हाला तात्पुरते ठेवायचे आणि मग त्याच कारणाने तुमच्या मुलाचा हक्क काढायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

रांगेतल्या माणसाला अभय नसते, हे सप्टेंबरमध्येही दिसले. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बीसाठी १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा झाली. सुरुवातीला ते दरवर्षीचे असल्याचे सांगितले गेले. मोठमोठ्या कंपन्यांनी परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परतायला सांगितले. घटस्थापना दोन-तीन दिवसांवर होती. घरी निघालेली माणसे विमानतळावरून मागे फिरली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला : शुल्क एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. एका रात्रीत लाखो घरांचा जीव टांगणीला लावून झाला होता. त्या सगळ्या घरांचे कागद चोख होते.

हा हक्क कोणी मिळवला?

आपल्या मुलांच्या निळ्या पासपोर्टमागे कोणाचे कष्ट आहेत, हे माहीत असले पाहिजे.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत. तो निकाल पुसायला यादवी युद्ध झाले, लाखो माणसे मेली आणि १८६८ मध्ये संविधानात चौदावी दुरुस्ती आली. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या कायद्याच्या अधिकारात असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक, असे तिने ठरवले. कोणाचा बाप कोण, हे विचारणे तिने बंद केले.

पुढे वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, पेशाने स्वयंपाकी, आईबाप चिनी. त्या काळच्या कायद्याने चिनी माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व घेता येत नव्हते. १८९५ मध्ये तो चीनहून परतला तेव्हा त्याला बंदरावरच अडवले. तू नागरिक नाहीस, असे सरकार म्हणाले. तो लढला आणि २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. आईबापांना नागरिक होता येत नसले, तरी इथे जन्मलेले मूल नागरिकच. आज आपली मुले ज्या हक्कावर उभी आहेत, तो काळ्या गुलामांच्या मुक्तीतून आला आणि एका चिनी स्वयंपाक्याने तो राखला.

“आम्ही त्यांच्यासारखे नाही” : हा डाव आधी खेळून झाला आहे

पंजाबातून आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा नागरिकत्व ‘गोऱ्यांना’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंड यांच्या बाजूने मुद्दा मांडला गेला तो असा : आम्ही उच्च जातीचे आर्य, खालच्या जातींना आम्ही दूर ठेवतो, आम्हाला गोऱ्यांत धरा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने हा मुद्दा फेटाळला. त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णो दास बगई यांचे नागरिकत्व गेले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. सरकारने त्यांच्याही नागरिकत्वावर घाव घातला. ते स्वतःचा खटला लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. एकदा दिलेले नागरिकत्व सरकारला असे हिसकावता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद टिकला. जातीचा मोठेपणा सांगून आपल्याला काहीही मिळाले नाही. जे टिकले ते सरकारही कायद्याने बांधलेले आहे, हे ठणकावून सांगितल्यामुळे टिकले.

“आम्ही इंजिनियर, आम्ही शिकलेले, आम्ही त्या मेक्सिकन किंवा हैतीयन लोकांसारखे नाही,” असे आज म्हणणारे १९२३ चाच हरलेला मुद्दा पुन्हा मांडत आहेत.

आपल्याला हे कोणी शिकवायला नको

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. फुल्यांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. तरी पुण्यात बसून त्यांना कळले की तिथली लढाई आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची लढाई एकच आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले. पुढे ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, त्याच्या कलम १४ मध्ये कायद्याच्या समान संरक्षणाची जी हमी आहे, ती अमेरिकेच्या याच चौदाव्या दुरुस्तीतून घेतलेली आहे.

आईबापांवरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे ज्या मातीने शतकानुशतके भोगले, त्या मातीतली आपण माणसे. पाळण्यातल्या बाळाला त्याच्या आईच्या कागदांवरून कमी लेखणारा आदेश आपण गप्प राहून पाहायचा?

तीन आक्षेप, तीन उत्तरे

“लोक फक्त बाळंतपणासाठी इथे येतात.” त्यासाठी २०२० पासून नियम आहे, मुलाला नागरिकत्व मिळवून देण्याच्या मुख्य हेतूने येणाऱ्याला व्हिसा नाकारता येतो. थोड्यांच्या गैरवापरासाठी संविधान मोडायची गरज नाही.

“भारतातही आता जन्मावरून नागरिकत्व मिळत नाही.” खरे आहे. भारतात १९८७ आणि २००४ मध्ये नियम बदलले, पण ते संसदेने कायदा करून बदलले. अमेरिकेत हा हक्क संविधानात लिहिलेला आहे. तो बदलायचा तर संविधानात दुरुस्ती करावी लागेल. अध्यक्षाच्या एका सहीने ते होत नाही.

“पण आम्ही नागरिक आहोत, आमच्या मुलांना धोका नाही.” आज जन्मदाखला हाच नागरिकत्वाचा पुरावा असतो. आदेश लागू झाला तर तो पुरणार नाही. मूल जन्मले त्या दिवशी आईबापांचा दर्जा काय होता, हे प्रत्येक घराला सिद्ध करावे लागेल. आणि नाव परके वाटणाऱ्यांकडे, रंग सावळा असणाऱ्यांकडे कागद आधी मागितले जातील, हे सांगायला ज्योतिषी नको.

हा एका पक्षाचा प्रश्न नाही

आदेश आल्या आल्या २२ राज्ये न्यायालयात गेली. सिअॅटलमध्ये न्यायाधीश जॉन कफनूर यांनी अवघ्या तीन दिवसांत त्याला स्थगिती दिली आणि तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचे सांगितले. कफनूर यांची नेमणूक रोनाल्ड रेगन यांनी केली होती. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी स्थगिती देण्याच्या न्यायाधीशांच्या अधिकाराला मर्यादा घातली. तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी देशभरातल्या अशा सगळ्या बाळांचा एक गट मानून त्यांना संरक्षण दिले. त्यांना नेमले होते जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी. ५ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सुनावणीला घेतला.

न्यायाधीश त्यांचे काम करतील. नागरिकांचे काम नागरिकांनाच करायचे आहे. १४ जून आणि १८ ऑक्टोबर २०२५ ला या देशात लाखो माणसे ‘राजा नको’ म्हणत रस्त्यावर उतरली. त्यांत शिक्षिका होत्या, निवृत्त सैनिक होते, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप होते. अध्यक्षाने संविधानाच्या वर बसू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपल्यातले किती जण त्यांत होते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आता काय करायचे

व्हिसावर असलेल्यांकडून आम्ही मोर्चाची अपेक्षा करत नाही. त्यांच्या भीतीला कारण आहे. म्हणूनच बोलायची जबाबदारी आपल्यावर, नागरिक झालेल्यांवर येते. नागरिकत्व घेताना हात वर करून आपण संविधानाचे रक्षण करण्याची शपथ घेतली आहे. ती पाळायची वेळ आली आहे.

१. ३ नोव्हेंबर २०२६ ला प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी मतदान आहे. आपले नाव यादीत आहे का, ते आजच तपासा. प्राथमिक निवडणुकीतही मत द्या; बऱ्याच ठिकाणी खरा निकाल तिथेच लागतो.

२. आपल्या भागातल्या प्रतिनिधीच्या आणि सिनेटरच्या कार्यालयात फोन करा, भेटीची वेळ मागा. जन्मसिद्ध नागरिकत्वावर त्यांची भूमिका काय, हे स्पष्ट विचारा आणि मिळालेले उत्तर चार घरांत सांगा.

३. “मंडळात राजकारण नको” हे कारण पुढे करू नका. करमुक्त संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. मतदार नोंदणी, कायदेविषयक माहिती आणि सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा मात्र करता येते. गणपतीच्या मांडवात मतदार नोंदणीचे टेबल लावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या गरोदर मुलींना वकिलाचा सल्ला विनामूल्य मिळेल, अशी सोय करा.

४. चिनी, मेक्सिकन, हैतीयन शेजाऱ्यांच्या सभांना जा. त्यांच्या मुलांचा आणि आपल्या मुलांचा हक्क संविधानाच्या एकाच वाक्यात लिहिलेला आहे. त्यांचा गेला तर आपलाही गेला.

५. ग्रुपवर कोणी “आपल्याला काय त्याचं” म्हणाले, तर तिथेच, सगळ्यांसमोर, उत्तर द्या.

निकाल कोणत्याही बाजूने लागो, हे काम थांबवायचे नाही. निकाल आपल्या बाजूने लागला तर तो टिकवण्यासाठी आणि विरोधात गेला तर तो बदलण्यासाठी मते लागतील, माणसे लागतील, आवाज लागेल. इथे जन्मलेले प्रत्येक मूल या देशाचे आहे. एकाही मुलाला वगळून आम्हाला आमच्या मुलांचा हक्क नको.

वाचा. इतरांना द्या. मत द्या.

— अमेरिकेतले काही मराठी मतदार