पेनिसिलिनच्या वेशीवर

नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचे कडू जिभेला लावण्याची आपली रीत आहे. हा लेख वाचकांनी त्या कारिटाच्या जागी समजावा. फराळ त्यानंतर आहेच.

मी पिंपरीकर. १९५४ साली आमच्या गावी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य लाभले, आणि १९५५ साली येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच रागही आहे.

लहान मुलाचा घसा दुखतो, आणि काही आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. घशातल्या जंतूंशी लढणारे शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. घसा धरला तेव्हाच पेनिसिलिन मिळाले तर हे बहुधा टळते. ताप एकदा येऊन गेला, तर दर तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकले की झडपा निकामी होऊ लागतात, आणि मग शस्त्रक्रिया!

हा रोग दाटीवाटीच्या खोल्यांत फोफावतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला. मात्र ऑस्ट्रेलियात तो आदिवासींच्या मुलांना अजून गाठतो, न्यूझीलंडमध्ये माओरींच्या. जंतूला वर्ण कळत नाही. तो कळतो घरे वाटणाऱ्यांना!

आपण वर्णाऐवजी कागद विचारतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे हृदयही तपासतात. पण अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत. चाकणला कंत्राटावर आलेल्या मजुराचे पोर बापाच्या कामामागे खोल्या बदलते. ते कोणत्या पटावर सापडावे? महात्मा फुले योजनेला महाराष्ट्राचा रहिवास हवा, आयुष्मान भारतला यादीत नाव हवे, कामगार विम्याला बापाची नोंद हवी. एवढी दारे, आणि प्रत्येकाला कुलूप!

कोणी म्हणेल, ‘परप्रांतीयांचा भार आम्ही का वाहावा?’ अहो, त्यांच्या हातची मोटार आपल्याला चालते, मग त्यांच्या पोराचे काळीजच तेवढे परके कसे? आणि हिशेबच करावयाचा, तर इंजेक्शन स्वस्त की झडपेची शस्त्रक्रिया?

माझी मागणी साधी आहे. महापालिकेने, चाकणच्या कारभाऱ्यांनी आणि कारखानदारांनी मिळून प्रत्येक मजूर वस्तीत परिचारिका पाठवावी. तिने मुलांचे घसे पाहावेत, छातीला नळी लावावी, आणि इंजेक्शनची वही पोराबरोबर गावोगाव जाईल अशी करावी. तिने नाव विचारावे, तारीख विचारावी. गाव, जात आणि रेशनकार्ड विचारू नये.