कळा तिच्या, संमती कोणाची?

न्यूझीलंडमधील पापाटोएटोच्या मराठी घरात दिवस भरत आले म्हणजे डिंक-अळिवाची तजवीज होते, नाशिकहून वा साताऱ्याहून यावयाच्या आईच्या व्हिसाची कागदपत्रे रवाना होतात, बाळंतविडा तयार होतो. मात्र कळा सुरू झाल्यावर वेदनाशमनाचे औषध घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न बहुधा त्या रात्रीवरच सोपविलेला असतो, आणि त्या रात्री जिने उत्तर द्यावयाचे ती सोडून खोलीतील प्रत्येकाजवळ ते तयार असते. ‘आम्ही काय इंजेक्शनं घेऊन बाळंत झालो?’ असे सासूबाई विचारतात. ‘घे गं एपिड्यूरल, उगाच कशाला सोसतेस?’ असा मैत्रिणीचा फोन येतो. दोन्ही सल्ले मायेचे, आणि दोन्ही सारखेच बिनमाहितीचे.

या देशाचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. १९३७ साली सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे येथील स्त्रियांनी प्रसूतिवेदनांवर औषध मिळावे, अशी आग्रहाने मागणी केली. आणि अवघ्या पंधरा वर्षांनी, १९५२ मध्ये, वेलिंग्टनला हेलन ब्रू व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या ‘पेरेंट्स सेंटर’ने ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरच्या विचारांच्या आधारे औषधाविना, जागेपणी होणाऱ्या प्रसूतीचा पुरस्कार केला. वरकरणी हा विरोधाभास वाटेल. परंतु माझ्या मते दोन्ही वेळची तक्रार एकच होती: स्वतःच्या बाळंतपणाची मुखत्यारी आपल्या हाती नाही. पुढे ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स रुग्णालयात स्त्रियांना अंधारात ठेवून चाललेल्या संशोधनाची न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी १९८७-८८ मध्ये चौकशी केली, आणि तिच्या शिफारशींतून १९९६ ची रुग्णहक्क-संहिता अमलात आली. संपूर्ण माहिती मिळण्याचा, संमती देण्याचा वा नाकारण्याचा, आणि शक्य तेथे सक्षम दुभाषी मिळण्याचा हक्क तिने प्रत्येक रुग्णाला दिला.

माहिती म्हणजे तरी काय? तोंडाशी धरून ओढावयाचा वायू काही मिनिटांतच उतरतो, पण कळ पुरती शमवीत नाही. पेथिडिनच्या इंजेक्शनने मळमळ व गुंगी येते, आणि ते प्रसूतीच्या अगदी तोंडावर दिल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो. एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या कण्यापाशी दिलेली भूल, सर्वांत परिणामकारक. पण त्याने रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते, आणि बाळ बाहेर येण्याचा शेवटचा टप्पा लांबण्याचा संभव असतो. त्याने सिझेरियनची शक्यता वाढते, ही मात्र आपल्या बायकांत घट्ट रुजलेली समजूत अभ्यासांच्या कसोटीला उतरलेली नाही. उलट, कळांत सतत कोणीतरी जवळ राहून धीर देणे, हिंडणे-फिरणे, कोमट पाण्यात बसणे यांना केवळ जुन्या बायकांच्या गोष्टी म्हणून हसणाऱ्या सुशिक्षितांनीही जरा थांबावे. या उपायांनी कळा सुसह्य होतात.

खरी गोम निराळीच आहे. एपिड्यूरलला भूलतज्ज्ञ लागतो. तो मिडलमोरसारख्या मोठ्या रुग्णालयात असतो, सुईणी चालवितात त्या छोट्या प्रसूतिकेंद्रांत नसतो. म्हणजे प्रसूतीचे ठिकाण ठरविताना औषधाचा निर्णयही निम्मा झालेला असतो, आणि पुष्कळजणींना हे उमगते ते मध्यरात्री, रुग्णवाहिकेची वाट पाहताना. एका कळेतून सावरून दुसरीची धास्ती घेतलेल्या बाईपुढे कागद धरून, तिच्या नवऱ्याने दोन वाक्यांत केलेल्या भाषांतरावर घेतलेली सही कायद्याने संमती ठरेलही. मी तिला अर्धीच मानतो. नवरा इंग्रजी उत्तम जाणतो. पण घाबरलेला नवरा ‘काही नाही, कर सही’ एवढेच भाषांतर करतो.

यास्तव सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या सुमारास, सुईणीबरोबरची एक भेट याच विषयासाठी राखावी, दुभाषी हवा असल्यास आगाऊ मागावा, ठरलेले कागदावर उतरवावे, आणि ऐनवेळी मन पालटण्याची मुभाही त्यातच नोंदवावी. सासूबाईंनी व चिरंजीवांनी तेवढा अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसावे. गरज वाटली तर तीच त्यांना आत बोलावील.