घरकुलात धान ठेवायचे कुठे?

भंडारा : दिवाळीची साफसफाई आणि हलक्या धानाची कापणी जिल्ह्यात एकाच सुमारास येते. आवरलेल्या घरात आठ दिवसांतच पोत्यांची थप्पी लागते आणि पसाऱ्याचे खापर घरच्या बाईवर फुटते. हा दोष तिचा नाही.

जागा का पुरत नाही?
प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधील घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. स्वयंपाकाची जागाही त्यातच. जुन्या मातीच्या घरात धानासाठी ढोली, माळा, पडवी असायची. घरकुलात फक्त माणसांचा हिशेब झाला. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत पोती खाटेशेजारीच राहतात.

काय करता येईल?
• आधी धानाची जागा ठरवा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर रचा. ओल लागत नाही.
• सातबारा, पासबुक, आधार एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा. २०२० चा वैनगंगेचा पूर विसरू नका.
• भंडारा पितळेसाठी ओळखला जातो, मोडीत पितळेला भावही मिळतो. पण लग्नात आलेला गुंड जिचा आहे, तिला विचारूनच काढा.

खरा उपाय कोणता?
एवढे करूनही खोली तेवढीच राहते. गावात ग्रामपंचायतीचे किंवा सहकारी संस्थेचे गोदाम हवे. घरकुलाच्या आराखड्यातही पडवी हवी. धान पिकवणाऱ्यालाच झोपायला जागा उरत नसेल, तर त्याला घर आवरायला सांगणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही.